निवळलेले पाणी आणि शुद्ध पाणी

चाळणे, पाखडणे, गाळणे, निवळणे, आटवणे ही नावे आमच्या शाळांतील मुलांकडून परीक्षेपुरती पाठ करून घेतली जातात, आणि परीक्षा सरली की ती विसरली जातात. ज्या चाकूर तालुक्यात तूर व हरभरा सुपात पाखडला जातो आणि चाळणीवर चाळला जातो, तेथील मुलाने हाच विषय केवळ पुस्तकात वाचावा, ह्याहून मोठे नवल ते कोणते?

हा विषय क्षुल्लक आहे असे म्हणणारांस आम्ही नारूची आठवण देतो. बारवेच्या पाण्यातील बारीक जलकीटकांबरोबर नारूच्या अळ्या पोटात जात, आणि सुमारे वर्षभराने दोन हात लांबीचा जंत पायाच्या कातडीतून बाहेर पडे. ह्या रोगावर औषध नव्हते आणि लसही नव्हती. महाराष्ट्रासह अनेक राज्ये त्याने पीडली होती. दुहेरी फडक्याने पाणी गाळणे, रोग्यास बारवेत उतरू न देणे आणि निर्धोक पाण्याची सोय करणे, ह्या साध्या उपायांनीच त्याचे उच्चाटन झाले. देशातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरविला. गाळण्याच्या फडक्याचा पराक्रम तो हा!

परंतु तेच फडके पाण्याचे सर्व दोष हरण करते, असे मानणे घातक होय. न विरघळलेला गाळ फडक्यावर राहतो. विरघळलेले मीठ पाण्याबरोबर खाली उतरते. तुरटी फिरविल्याने गढूळपणा तळाशी बसतो, खारटपणा जात नाही. उकळल्याने रोगजंतू मरतात, पण क्षार व फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटल्यावर ते अधिकच दाट होतात. म्हणून निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, हा भेद मुलाच्या मनावर ठसला पाहिजे.

तो ठसविण्यास मोठी प्रयोगशाळा नको. पेलाभर पाण्यात मूठभर काळी माती व चमचाभर मीठ ढवळावे, तुरटीचा खडा फिरवून ते निवळू द्यावे, वरचे पाणी अलगद ओतून फडक्याने गाळावे. ते काचेसारखे दिसेल. मग ते बशीत घालून उन्हात ठेवावे. पाणी उडून गेल्यावर मागे उरलेला पांढरा थर मुलास जे शिकवील, ते दहा पानांची घोकंपट्टी शिकविणार नाही.

ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याचे ज्ञान हा चैनीचा विषय कसा समजावा? शिक्षकांनी हे प्रयोग मुलांच्या हातून करवावेत, आणि व्यापारी बंधूंनी शाळांस चाळण्या, पेले व तुरटी पुरवावी. धान्यातील खडा ओळखणारे त्यांचे डोळे पाण्यातील न दिसणारा दोष ओळखण्याच्या शिक्षणाकडे पाठ फिरविणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.