फडाचा निरोप

बेळगावहून चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्याकडे निघाले की जांबोटी लागते. पुढे कणकुंबीपर्यंत डोंगर, रान आणि पावसाळ्यात पाऊसच पाऊस. या भागातील खेड्यांत जत्रेला गावकरीच नाटक बसवतात. काल नांगर धरलेला हात आज लाकडी तलवार धरतो आणि उद्या रंग पुसून पुन्हा शेताकडे वळतो. अशा हौशी मंडळींना रंगभूमीचा निरोप घ्यावा लागत नाही. एका वर्षी मुलगा उभा राहतो आणि बाप प्रेक्षकांत बसतो, एवढेच. निरोपाचा प्रश्न पडतो तो ज्यांचे पोटच कलेवर आहे त्यांना.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील लाँग बीच या शहरी १९६६ मध्ये काही तरुणांनी एक वाद्यवृंद उभा केला. ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ हे त्याचे काहीसे थट्टेखोर नाव. बँजो, मँडोलिन, माउथ ऑर्गन अशी वाद्ये घेऊन ही मंडळी आपल्या देशातील ग्रामीण संगीत वाजवीत गावोगाव हिंडली. माणसे आली, गेली, वृंद टिकला. अखेर २०२४ मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा जाहीर करून आरंभला, तेव्हा मूळच्या मंडळींपैकी जेफ हॅना आणि जिमी फॅडन हे दोघे त्यात होते. ‘ही शेवटची भेट’ असे आधी सांगावे, रसिकांनी त्यासाठी मुद्दाम तिकीट काढून यावे आणि कलावंताने हात जोडून उतरावे, हा प्रकार मोठा शोभिवंत खरा. परंतु त्यासाठी एक गोष्ट हाताशी असावी लागते. ती म्हणजे थांबणे परवडण्याची ऐपत.

महाराष्ट्रातील तमाशाच्या फडाकडे पाहिले म्हणजे या ऐपतीचे मोल कळते. फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि वैशाखात, अक्षय्य तृतीया किंवा बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास संपते. पावसाळ्यात तंबू बांधून ठेवतात. मोठे फड स्वतःच्या तंबूत तिकीट लावून खेळ करतात, तर लहान फड जत्रेच्या सुपारीवर जगतात. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येतात, रक्कम ठरते, तारीख लिहिली जाते. वरवर पाहता हा सरळ व्यवहार. आतली बाजू निराळी आहे. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते, गाड्या दुरुस्त कराव्या लागतात, आणि त्यासाठी फडमालक कर्ज काढतो. यंदाचे कर्ज यंदाच्या हंगामात फिटले नाही तर पुढचा हंगाम करणे भाग पडते. जो देणेकरी आहे त्याने ‘हा आमचा शेवटचा दौरा’ म्हणावे कसे? त्यात तमाशा ज्या समाजांनी जगवला त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी मागे परतायला शेतही नव्हते. हौशी नट आणि फडकरी यांच्यातला मोठा भेद हाच.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे चरित्र सर्वश्रुत आहे. खेळ चालू असता पडद्यामागे प्रसूत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची हकीकत आजही सांगितली जाते. ती सांगणाऱ्यांच्या स्वरात कौतुकच अधिक असते. त्या रात्री खेळ बंद का ठेवता आला नाही, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. राष्ट्रपतींकडून सन्मान झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, आणि २००२ मध्ये त्या निवर्तल्या. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार ठेवला.

जाहीर निरोपाऐवजी तमाशाने दुसरी एक रीत धरली, ती म्हणजे नाव पुढे चालवण्याची. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला. २०२१ मध्ये दिवंगत झालेल्या कांताबाई सातारकर यांच्या फडाची धुरा पुत्र रघुवीर खेडकर यांनी वाहिली. सांगलीजवळच्या कवलापुरात तर जोडीचीच परंपरा झाली: आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा, आणि त्यानंतर जुळे भाऊ काळू-बाळू. एकासारखा एक दिसणाऱ्या या दोघा भावांनी त्याच साम्यावर प्रेक्षकांना पोट धरधरून हसवले. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या आणि बेळगाव, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला; ढोलकीची ओळख मात्र दोन्ही बाजूंना कायम राहिली.

पण नाव चालवायला चालवणारा लागतो आणि हंगाम लागतो. मार्च २०२० मध्ये ऐन जत्रांच्या तोंडावर टाळेबंदी आली. पुढच्या वर्षीचा हंगामही बुडाला. त्या काळात गावोगावी ठरलेले खेळ रद्द झाले, आणि फडाला त्याच्या प्रेक्षकांची साधी भेटही घेता आली नाही.

त्या अमेरिकन मंडळींची खरी थोरवी त्यांच्या अखेरच्या दौऱ्यापेक्षा आरंभीच्या एका कामात आहे. १९७१ मध्ये, स्वतः ऐन विशीत असता, त्यांनी नॅशव्हिल येथे मेबेल कार्टर, रॉय एकफ, डॉक वॉटसन अशा वडीलधाऱ्या कलावंतांना एकत्र बसवले आणि त्यांच्याबरोबर गाऊन-वाजवून तीन तबकड्यांचा संच केला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला नाव दिले ते मूळच्या एका ख्रिस्ती स्तोत्रातले, ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. आप्तांचे कडे पुढेही अभंग राहील ना, असे विचारणारे. मेबेल कार्टर १९७८ मध्ये गेल्या, पण त्यांचा आवाज आणि त्यांचा हात त्या तबकड्यांत राहिला. विशेष म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या गप्पाही त्या तरुणांनी कापून टाकल्या नाहीत. वाद्य जुळवताना म्हाताऱ्या माणसांनी केलेली चेष्टा, दिलेली सूचना, सगळे तसेच ठेवले.

तमाशात गण आणि गौळण ठरलेली असतात, वगाचे कथानकही ठरलेले असते. बतावणी मात्र सोंगाड्या त्या रात्रीच्या गावाकडे पाहून रचतो. गावच्या पाटलाला, दुष्काळाला, समोर बसलेल्या माणसाच्या पागोट्याला तो बोलण्यात ओढून घेतो. दुसऱ्या रात्री ती निराळी होते, आणि तिची वही कोणत्याही फडात नसते.