नाताळाची घरगुती शोभा

ऋण काढून सण करणाऱ्याला मराठी भाषेने म्हणीत बसविले आहे. परंतु सण जवळ आला की नेमका त्याच म्हणीचा विसर पडतो. दिवाळीचा खर्च निस्तरतो न निस्तरतो तोच डिसेंबर उजाडतो, आणि ज्या घरी नाताळ साजरा होतो तेथे बाजाराची यादी पुन्हा लिहिली जाते. किराणा व कपडे यांना कात्री लावणे अवघड असते. शोभेच्या वस्तू व भेटी यांचे तसे नाही. तेथे हात चालले तर पैसा वाचतो आणि सणाचा आनंदही उणावत नाही.

हे हस्तकौशल्य बाहेरून आणावे लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र आहे. भोवतालचा मुलूख रब्बी ज्वारीचा. या मुलखात कडब्यातील वाळलेले धाट सोलून, आतल्या मऊ भेंडाच्या तुकड्यांत सालीच्या काड्या खोचून मुले बैलगाड्या करीत आली आहेत. त्यांना खिळा लागत नाही, सरस लागत नाही, पैसा तर नाहीच. शेजारच्या अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. तेव्हापासून नाताळही या बाजूस परका राहिलेला नाही. बैलगाडी करणाऱ्या हातांना नाताळची चांदणी अवघड नाही. जर्मनीतील निस्की येथे मोरेव्हियन पंथाच्या शाळेत १८३० नंतरच्या दशकात कागदी चांदणी प्रथम तयार झाली, ती मुलांच्या भूमितीच्या पाठातूनच!

चांदणीसाठी बांबूच्या दीड फुटी दहा सारख्या कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक, अशा दोन पंचकोनी चांदण्या दोऱ्याने बांधाव्यात. त्या एकीवर एक ठेवून पाचही टोके जखडावीत. मग आतल्या पाच सांध्यांपाशी दोहोंच्या मध्ये चार-चार इंचांच्या काड्या तिरपू न देता बसवाव्यात, म्हणजे चांदणीला पोट येते. वर पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा आणि मागची एक बाजू मोकळी ठेवावी. आत मेणबत्ती मुळीच ठेवू नये. लहान एलईडी दिवा पुरे. सण सरल्यावर सांगाडा माळ्यावर जपून ठेवावा. पुढील वर्षी फक्त कागद बदलावा लागतो, आणि खरी बचत तेथे होते.

येशूजन्माचा देखावा इटलीतील ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली मांडला, तोही गव्हाण, गवत, बैल व गाढव एवढ्यावरच. आज घरी गव्हाण मांडताना खोक्याचा पुठ्ठा, माती व वाळके गवत पुरते. सोळा-सतरा डिसेंबरला ताटलीत माती पसरून भिजवलेले गहू पेरले, तर सणापर्यंत हिरवे शेत उभे राहते. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्या घरांना ही युक्ती शिकवावी लागणार नाही.

भेटींच्या बाबतीत गोव्याची रीत पाहण्यासारखी आहे. तेथे नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल अशा पदार्थांचे ताट शेजाऱ्यांकडे जाते. ते ‘कोन्सुआद’ हिंदू घरीही पोहोचते आणि त्या घरचा फराळ दिवाळीत आलेला असतो. जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी, मऊ सुती साड्यांची लहान दुपटी, लिंबाच्या लोणच्याची बरणी, मुलाने स्वतः लिहिलेले पत्र, या भेटी अशाच आपलेपणाने स्वीकारल्या जातात.

मात्र घरगुती म्हणजे स्वस्तच, असा समज करून घेऊ नये. सोनेरी कागद, मणी, फिती व रंग नव्याने आणले, तर तयार चांदणीहून घरची चांदणी महाग पडते. यासाठी आधी घर धुंडाळावे, जे सापडेल त्यावरून काय करायचे ते ठरवावे, आणि उणे असेल तेवढेच बाजारातून आणावे. दुसरे असे की वाचलेल्या पैशाची किंमत एकट्या गृहिणीने रात्री जागून मोजू नये. कामट्या घरच्या पुरुषांनी तासाव्यात, कागद मुलांनी चिकटवावा, गव्हाला पाणी आजीने घालावे. असे काम वाटून घेतले तर जानेवारीत कोणाचे देणे फेडावे लागत नाही, आणि सणाची तयारी हाच निम्मा सण होऊन जातो.