हळद पावडर, बेदाणा पॅकिंगमध्ये मेटल डिटेक्टरचे सेटिंग

हळद दळताना पल्व्हरायझरचे हॅमर आणि जाळी झिजते. त्यातून सुटलेले धातूचे कण पावडरीत मिसळू शकतात. चुंबकाने लोखंडाचे कण निघतात. मात्र पितळ, ॲल्युमिनिअम आणि स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकार निघत नाहीत. त्यासाठी मेटल डिटेक्टर आवश्यक ठरतो. सेटिंग चुकल्यास यंत्र चालू असूनही धातू पुढे जातो किंवा चांगला माल विनाकारण बाहेर पडतो.

यंत्राचे कार्य

माल जाण्याच्या खिडकीभोवती साधारणपणे तीन कॉइल असतात. मधली कॉइल विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करते. बाजूच्या दोन कॉइलमधील संकेत समतोल असतात. धातू गेल्यास हा समतोल बिघडतो. ओलावा किंवा मीठ असलेला मालही थोडा संकेत देतो. त्यामुळे कोरडी हळद पावडर आणि ओलसर बेदाणा यांना एकच सेटिंग चालत नाही.

सेटिंग करताना

- प्रत्येक मालासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम ठेवावा. धातुविरहित असल्याची खात्री केलेला माल अनेक वेळा यंत्रातून सोडून त्याची नोंद यंत्रात करावी.
- शीतगृहातून काढलेल्या थंड बेदाण्याचा संकेत वेगळा असतो. पॅकिंगवेळी माल ज्या तापमानाला असतो, त्याच तापमानाला नोंद करावी.
- फेज समायोजनाने मालाचा स्वतःचा संकेत कमीत कमी करावा. त्यानंतरच संवेदनशीलता टप्प्याटप्प्याने वाढवावी. स्वच्छ मालावर यंत्र वाजू लागल्यास ती थोडी कमी करावी.
- फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय असल्यास कोरड्या मालासाठी जास्त, ओलसर मालासाठी कमी ठेवावी.
- पट्ट्याचा वेग बदलल्यास माल बाहेर काढण्याची वेळही पुन्हा जुळवावी.
- ॲल्युमिनिअम फॉइलच्या पाकिटात भरायचा माल पॅकिंगपूर्वीच तपासावा.

संवेदनशीलता सर्वाधिक ठेवणे म्हणजे उत्तम तपासणी नव्हे. यंत्र सारखे खोटे वाजू लागले, की कामगार त्याकडे दुर्लक्ष करतात. अशा वेळी संवेदनशीलता कमी करण्यापूर्वी यंत्राला बसणारे हादरे, सैल नट-बोल्ट, अर्थिंग आणि जवळच्या मोटारी तपासाव्यात.

दैनंदिन चाचणी

लोखंड, पितळ आणि स्टेनलेस स्टील अशा तिन्ही चाचणी तुकड्यांनी तपासणी करावी. खिडकीच्या मध्यभागी संवेदनशीलता सर्वांत कमी असते, म्हणून तुकडा मालासोबत मध्यातूनच जाईल असे पाहावे. काम सुरू करताना, ठरावीक अंतराने (उदा. दर तासाला), माल बदलल्यावर आणि शेवटी चाचणी घेऊन नोंदवहीत लिहावे. प्रत्येक तुकडा नुसता ओळखला जाऊन भागत नाही, तर तो प्रत्यक्ष बाहेर टाकला गेला पाहिजे.

चाचणी फसल्यास काम थांबवावे. मागील यशस्वी चाचणीनंतरचा सर्व माल बाजूला ठेवून यंत्र दुरुस्त झाल्यावर पुन्हा तपासावा. नोंदवही नियमित असल्यास हा माल एका तासापुरताच असतो. अन्यथा संपूर्ण दिवसाची पॅकिंग अडकून पडते.