सांबर पाण्यात का शिरतं?

रानकुत्र्यांची टोळी मागे लागली की सांबर बऱ्याचदा पाण्याची वाट धरतं. पोटाला पाणी लागेल इतकं आत जाऊन ते वळून उभं राहतं. त्याचे खूर तळाला टेकलेले असतात. कुत्र्यांना मात्र पोहावं लागतं, आणि पोहणाऱ्या कुत्र्याला झेप घेता येत नाही. डाव दरवेळी साधत नाही. टोळी काठावर ठाण मांडते, कधी पोहत जाऊन लचके तोडते. तरीही धावत राहण्यापेक्षा पाणी बरं, कारण रानकुत्रे सावज दमवून मारतात. त्यांच्यापासून नुसतं लांब पळून भागत नाही. कुठेतरी पोचावं लागतं.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातला बोदलकसा तलाव टेकड्या आणि जंगलाच्या कुशीत आहे. जवळच नागझिऱ्याचं अभयारण्य, जे 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडतं. या पट्ट्यात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे तिघेही आहेत, त्यामुळे सावजाला एकच युक्ती पुरत नाही. बिबट्या दबा धरून येतो आणि त्याचा सारा जोर पहिल्या काही झेपांत असतो. तो वेळीच दिसला तर चितळ पुष्कळदा पळतही नाही. शेपटी उभारून, पाय आपटत ओरडतं. चोरी उघडी पडल्यावर बिबट्यालाही मग थांबण्यात अर्थ उरत नाही. वानर अशा वेळी झाडाचा शेंडा गाठतं. आफ्रिकेतल्या व्हर्वेट माकडांनी तर प्रत्येक शत्रूसाठी वेगळी हाक ठेवली आहे, हे 1980 साली प्रयोगांनी दाखवून दिलं. बिबट्याची हाक ऐकली की ती झाडावर चढतात, गरुडाची ऐकली की वर पाहतात आणि झुडपात शिरतात.

पाण्यावरही हाच हिशेब चालतो. टिबुकली उडण्याच्या भानगडीत न पडता बुडी मारते. बहिरी ससाणा पक्ष्याला बहुधा हवेत धरतो, म्हणून त्याच्यासमोर बदकाने पाणी न सोडणंच शहाणपणाचं.

विचार करायला सवड नसते तेव्हा दिशा शरीरच ठरवतं. माशाच्या मेंदूत माउथनर पेशींची एक जोडी असते. डावीकडून धक्का आला की डावी पेशी उजव्या अंगाचे स्नायू आखडते, मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकतो आणि डोकं धोक्यापासून दूर वळतं. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत होतं. पण ठरलेली चाल ओळखणाराही भेटतोच. आग्नेय आशियातला मिशाळ पाणसाप आपल्या अंगाची हालचाल करून माशाला दचकवतो आणि मासा वळून थेट त्याच्या तोंडाकडे येतो. केनेथ कॅटानिया यांनी 2009 मध्ये हे दाखवलं. झुरळाने यावर तोड काढली आहे. त्याच्या पळण्याच्या पसंतीच्या दिशा अनेक आहेत, धोक्यापासून साधारण 90, 120, 150 आणि 180 अंशांवर. यांतली कोणती निवडली जाईल, हे शिकाऱ्याला आधी कळत नाही.

उंदराचं तंत्र निराळं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डोक्यावर झेपावणारी सावली दिसताच उंदीर आठवणीतल्या आसऱ्याकडे धावले. आसरा हलवून दुसरीकडे ठेवला, तरी ते आधी जुन्याच जागी गेले. ऐन धोक्यात बिळाचा शोध घेत बसणं परवडत नाही. पत्ता आधीच पाठ असावा लागतो.

राहतो प्रश्न पळायचं कधी याचा. शिकारी किती जवळ आला की प्राणी पळ काढतो, या अंतराची कल्पना स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी रूढ केली. रॉन यडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल यांनी 1986 मध्ये त्याचं अर्थशास्त्र मांडलं. शिकारी दिसल्या दिसल्या पळणारा जीव उपाशी राहतो, फार थांबणारा खाल्ला जातो. म्हणून प्राणी दोन्हींचा खर्च तोलतो. आसरा जितका दूर, तितकं लवकर निघावं लागतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी ओसरलं की पाणी आणि झाडी यांच्यामध्ये उघड्या चिखलाचा पट्टा रुंद होत जातो. पावसाळ्यानंतर झाडीला खेटून पाणी पिणाऱ्या चितळाला जे अंतर चालतं, ते मे महिन्यात चालत नाही. तेव्हा त्याला बरंच आधी डोकं वर करून निघावं लागतं.