समुपदेशकाचे तास

‘समुपदेशन’ या शब्दात उपदेश दडलेला आहे, आणि आमच्या शिक्षणाचा पहिला धडा असतो तो उपदेश न करण्याचा. पुण्यात बारा वर्षं हे काम करताना या विसंगतीचं मला हसू यायचं. कॅनडाला कुशल कामगार म्हणून अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा मात्र आपण नक्की काय करतो हे कागदावर सिद्ध करायची वेळ आली.

कॅनडा प्रत्येक व्यवसायाला पाच अंकी क्रमांक देतो. मानसशास्त्रज्ञ ३१२००, म्हणजे आरोग्याच्या घरात. समुपदेशन करणारे थेरपिस्ट ४१३०१, शिक्षण-कायदा-समाजसेवेच्या घरात. (२०२३मध्ये आरोग्यसेवेसाठी वेगळ्या निवडफेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा त्या यादीत आम्हीही होतो, घर बदललं नाही, पंगत बदलली.) शाळेतल्या समुपदेशकाचा क्रमांक आणखी निराळा, ४१३२०. हुद्द्याच्या नावाला महत्त्व नाही. रोजची कामं त्या वर्णनाशी जुळावी लागतात.

फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत गेल्या दहा वर्षांतला किमान एक सलग वर्षाचा, १,५६० तासांचा मोबदल्याचा अनुभव लागतो. पगारदाराला नोकरीच्या ठिकाणाहून पत्र मिळतं. स्वतःची प्रॅक्टिस असणाऱ्याने काय द्यायचं? व्यवसायाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, शिवाय सेवा घेणाऱ्या त्रयस्थांकडून कोणती सेवा घेतली आणि किती पैसे दिले याचे कागद. स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालत नाही.

वास्तुविशारद असं पत्र सहज मागेल. आमच्याकडे सेवा घेणारा म्हणजे घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची बाई, किंवा घरी न सांगता येणारा मुलगा. तिच्याकडून परदेशी सरकारसाठी सही मागणं म्हणजे गोपनीयतेला हात घालणं. आणि ती नाही म्हणू शकेल का, हाही प्रश्नच. थेरपिस्टची मर्जी राखायला माणसं हो म्हणतात. मी अशी पत्रं मागितली नाहीत. करारावर काम दिलेल्या दोन शाळा, पेशंट पाठवणारे मनोविकारतज्ज्ञ आणि एक कंपनी यांची पत्रं, सोबत प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे, यांवर अर्ज उभा केला. थोडे तास त्यात हरवले, पण १,५६० भरले.

स्थलांतराची परवानगी म्हणजे व्यवसायाची परवानगी नव्हे, हे एजंट क्वचितच सांगतात. ओंटारियोत १ एप्रिल २०१५पासून सायकोथेरपीसाठी वेगळं नियामक मंडळ आहे. पूर्ण नोंदणीसाठी त्याला ४५० तास प्रत्यक्ष अशिलासोबतचे आणि १०० तास सुपरव्हिजनचे हवेत. स्थलांतराच्या हिशेबात टिपणं लिहिणं, अहवाल करणं हेही कामच. या ४५० तासांत ते धरत नाहीत. माझा तीस तासांचा आठवडा इथे वीस सत्रांचा झाला.

सुपरव्हिजनची गोष्ट अधिक अवघड. आपल्याकडे ती बहुधा ज्येष्ठ बाईंच्या घरी, शनिवारी, चहाबरोबर होते. माझ्या बाईंनी तारखांची वही ठेवली नव्हती. सध्या आम्ही दोघी फोनवर, जुन्या डायऱ्या उघडून, एकेक शनिवार शोधतो आहोत.