परस आणि पेटी (भाग ११) : दुधीचा पाहुणा रात्री येतो

पाकाचं आज राहू द्या. पावसाळ्याच्या उपासात पेटीतल्या माश्यांना साखरेचा पाक किती आणि कसा द्यायचा, ते आज सांगायचं ठरलं होतं. पण सेलूहून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न भादव्यात दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मांडवाखाली ऐकू येतो. तो आता सोडवला तर मांडवाला अजून फळ धरेल. आठवडाभर थांबलो तर तेवढी फुलं वाया.

ताईंचा दुधीचा वेल मांडवभर पसरलाय. संध्याकाळी पांढऱ्या फुलांनी मांडव उजळतो. मागं बोटाएवढा दुधी असलेली फुलंही दिसतात, पण तो दुधी तीन-चार दिवसांत पिवळा पडतो, सुकतो आणि गळतो. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांना घरचा एकही दुधी मिळाला नाही, बाजारातून आणावा लागला, ही त्यांची खंत. त्यांच्या दिरांचं म्हणणं, परसात मधमाशी फिरत नाही म्हणून फळ धरत नाही, तेव्हा एक पेटी आणून ठेवू. आणू का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पेटी जरूर आणा, पण दुधीसाठी आणू नका. दुधीचं फूल उमलतं तेव्हा पेटीतली माशी घरात परतलेली असते.

त्याआधी एक खात्री करून घ्या. गळलेलं कोवळं फळ हातात घ्या आणि उजेडात नीट फिरवून बघा. सालीवर सुईनं टोचल्यासारखी खूण आणि तिथं डिंकासारखा सुकलेला थेंब दिसला, तर ते काम फळमाशीचं. फळ उभं चिरलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. साल कुठंच टोचलेली नसेल, फळ टोकाकडून पिवळं पडत देठाकडं सुकत गेलं असेल आणि आतला गर कोरडा असेल, तर त्या फुलाला पराग मिळालाच नाही असं समजायचं. फळमाशीवर क्यू ल्युअरचा सापळा टांगतात, तो विषय आपण आषाढात केलाय. ताईंच्या वर्णनावरून त्यांची फळं दुसऱ्या प्रकारची वाटतात.

आता एक दिवस फक्त घड्याळ आणि वेल बघा. तांबड्या भोपळ्याचं फूल झुंजुमुंजू व्हायच्या आधीच उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. काकडी आणि कारलं सकाळी उमलतात. घोसाळंही पहाटेचंच. या सगळ्यांवर सकाळी मधमाशी दिसते आणि पेटीचा खरा लाभ यांनाच होतो. माशी कमी फिरली की काकडी वाकडी होते, एका टोकाला बारीक राहते, कारण अर्ध्या बियाच धरलेल्या असतात. तोंडलीची फिकीर करू नका. आपण फाटे लावून वाढवतो ती बहुतेक तोंडली परागाशिवायही फळ धरते.

दुधी, दोडका आणि पडवळ यांची गोष्ट मात्र उलटी आहे. ही तिन्ही फुलं दिवेलागणीला उमलतात. डोंगराकडच्या बायका पावसाळ्यात बाजारात आणतात ती करटुलीही संध्याकाळचीच, शिवाय तिचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. दोडका आणि घोसाळं इतके जवळचे नातलग की कोवळी पानं शेजारी धरली तर चटकन ओळखू येत नाहीत, दोघांची फुलंही पिवळी, पण एक सूर्य मावळताना उमलतं आणि दुसरं सूर्य उगवताना. वर्षानुवर्षं बघूनही मला याचं नवल वाटतं. एका मांडवावर दोन्ही वेल चढवले तर संध्याकाळी एक वेल पिवळा होतो आणि सकाळी दुसरा.

रात्री उमलणाऱ्या फुलांचा पाहुणाही रात्रीचाच. दुधीकडं येतो तो मोठा, जाड अंगाचा पतंग. शहरी अभ्यासक त्याला हॉक मॉथ म्हणतात. अंधार पडता पडता मांडवाजवळ गप्प उभं राहा. आधी पंखांचा घुमणारा आवाज येतो. मग फुलापुढं हवेतच एका जागी थांबलेलं काहीतरी राखाडी दिसतं. तो फुलावर बसत नाही. हवेत तरंगत गुंडाळलेली सोंड उलगडतो, ती फुलाच्या नळीत खोल घालतो, दोन-चार क्षण रस पितो आणि पुढच्या फुलाकडं सरकतो. या पतंगांपैकी एकाची सोंड तर त्याच्या अंगाहूनही लांब असते. सोंडेला आणि तोंडाला चिकटलेले परागकण या फुलावरून त्या फुलावर जातात. नर फुलावरून मादी फुलावर गेले की फळ धरतं. छोटे पतंग आणि भुंगेरेही येतात, पण मोठं काम याचं.

याच पतंगाची अळी आपण शेतात बघतो आणि चिरडून टाकतो. उडदाच्या-मुगाच्या पिकात शेपटीवर शिंग असलेली जाड, बोटाएवढी अळी दिसते ना, तीच ही. चार अळ्या उडदाची थोडी पानं खातात, हे खरं. पण परसाच्या कडेला उडदाच्या दोन ओळी असतील, तर त्या मी अळ्यांना सोडून देतो आणि तुम्हीही सोडाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पेटीतली माशी रात्री फिरत नाही असं वर म्हटलं, पण तिच्या कुळात दोन अपवाद आहेत आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एक आपली आग्या. उंच झाडांवर, पाण्याच्या टाकीखाली, जुन्या पुलाच्या कमानीला मोठं एकच पोळं लावणारी ही माशी चांदण्या रात्री चरायला निघते. सातेरी आणि पेटीतली इटालियन निघत नाहीत. म्हणून जवळ आग्याचं पोळं असेल, तर शुक्ल पक्षातल्या रात्री दुधीकडंही लक्ष ठेवा. दुसरा अपवाद लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यांपैकी एक. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेणी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखून आपल्या बिळाशी परततो. आपल्याला त्या उजेडात रंग दिसत नाहीत. तो भुंगा परभणीच्या मांडवावर येतो असं मी म्हणत नाही. पण अंधार म्हणजे फुलांसाठी रिकामा वेळ नव्हे, हे त्याच्यामुळं पक्कं कळतं.

मग ताईंच्या मांडवावर पतंग का येत नाही? पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलंय की अंगणात मोठा एलईडी दिवा लावलाय, त्यामुळं रात्रीही मांडव छान दिसतो. मला वाटतं घोटाळा तिथं आहे. पांढऱ्या झगझगीत उजेडात पतंग दिव्याभोवती फिरत राहतो, नाहीतर त्या जागेकडं फिरकतच नाही. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांत दिवे लावून याची मोजणी झाली आणि २०१७ साली 'नेचर'मध्ये छापून आली. उजेडातल्या कुरणात रात्रीच्या कीटकांच्या फुलांवरच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी भरल्या. ज्या एका रानफुलाची फळं मोजली त्याची फळधारणा १३ टक्क्यांनी घटली, आणि तीही दिवसा माश्या येत असताना. म्हणजे रात्रीची तूट दिवसाच्या माश्यांनी भरून निघाली नाही. दुधीला तर दिवसाचा आधार त्याहूनही कमी, फूल सकाळी उन्हाबरोबर मलूल होतं.

तेव्हा दिवेलागणीपासून जेवणं उरकेपर्यंत तो दिवा बंद ठेवा. जाण्यायेण्यापुरता उजेड लागत असेल तर छोटा पिवळा दिवा खाली, पायरीजवळ लावा आणि त्याचं तोंड मांडवाकडं नको. दिवा रस्त्याचा असेल, तर पुढच्या हंगामात मांडव घराच्या मागच्या अंगाला घाला.

दुसरं, फवारणी. मधमाश्यांसाठी आपण नेहमी सांगतो की फवारा संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर. काकडी-भोपळ्यासाठी ते बरोबर आहे. पण दुधी-दोडक्याच्या मांडवावर संध्याकाळी फवारलं तर ऐन पाहुण्याच्या वेळी फुलं औषधानं ओली असतात, मग ते निंबोळी अर्क असो की आणखी काही. त्या मांडवावर फवारायचंच झालं तर सकाळी, फुलं मिटल्यावर. शेजारी काकडी फुलावर असेल तर फवारणीच नको. घरच्या चार वेलांना सापळा आणि रोज फेरी मारून किडकी फळं वेचणं पुरतं.

बाकीची कारणं थोडक्यात. सुरुवातीला येणारी फुलं बहुधा नरच असतात, त्यामुळं पहिले काही दिवस फळ दिसलं नाही तर घाबरू नका. शेणखतावर वरून युरिया टाकत राहिलात तर वेल पानांनी माजतो. वेल मांडवावर चढला की त्याचा शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

आणि तोवर ताईंनी स्वतः पतंगाचं काम करावं. दिवेलागणीनंतर, सातच्या सुमारास मांडवाखाली जा. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक, मागं काहीच नाही. मादी फुलाचा देठ आखूड आणि पाकळ्यांच्या मागं लव असलेला इवला दुधी. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या ओढून काढा. मधे पिवळसर पुंकेसर उरतात. बोट लावलं की पिवळी पूड बोटाला लागली पाहिजे. पावसानं भिजून चिकट झाली असेल तर दुसरं फूल घ्या. मादी फुलाच्या मधोमध तीन जाड, दोन-दोन टोकांत चिरलेल्या गाठी दिसतात. त्या तिन्हींवर पुंकेसर हलकेच फिरवा. एकीवरच घासलंत तर दुधी एका अंगानं भरतो आणि वाकतो. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. पाऊस यायची चिन्हं असतील तर मादी फुलावर कागदाची पुडी अडकवा आणि सकाळी काढून टाका. देठाला सुतळीचा तुकडा बांधून ठेवा, म्हणजे कोणतं फूल हातानं केलं ते विसरणार नाही. फळ धरलं असेल तर दोन-तीन दिवसांत त्याची मान वजनानं खाली झुकते आणि साल हिरवीगार, चकचकीत राहते. पुढं दोन आठवड्यांच्या आत भाजीचा दुधी हाताशी येतो.

पेटीचं म्हणाल तर काकडी, कारलं आणि भोपळ्यासाठी ती ठेवाच. फक्त भेंडीचं बी घरी धरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. इथं पुष्कळांकडं 'परभणी क्रांती' आहे. आपल्याच कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. योगेंद्र नेरकर यांनी 'पुसा सावनी' भेंडीचा तिच्या एका रानटी नातलगाशी संकर करून, हळद्या रोगाला दाद न देणारं हे वाण काढलं आणि १९८५ साली ते शेतकऱ्यांपर्यंत पोचलं. भेंडी स्वतःच्या परागानं फळ धरते, पण सकाळी उघडणाऱ्या त्या मोठ्या पिवळ्या फुलात मधमाशी हमखास शिरते आणि शेजारच्या संकरित भेंडीचा पराग घेऊन येते. पेटी आली की ही सरमिसळ वाढते. बियाण्यासाठी राखलेल्या झाडाच्या कळीला आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा आणि फूल गळल्यावर सोडा. खाण्याच्या भेंडीला याची गरज नाही.

राहता राहिला दुधीच्या पतंगाचा एक भाऊबंद, ज्याचा पेटीशी थेट संबंध आहे. तिळाच्या पिकात पिवळसर-हिरवी, अंगावर तिरके पट्टे आणि शेपटीवर खडबडीत वाकडं शिंग असलेली मोठी अळी असते. तिचा जो पतंग होतो त्याच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते. याची सोंड आखूड आणि दणकट. दुधीच्या फुलापेक्षा त्याला पोळ्यातला मध आवडतो. रात्री तो पेटीच्या दारातून आत शिरतो, मधाच्या घरांचं झाकण टोचून मध ओढतो आणि डिवचला तर चक्क चिरचिरतो. सोंडेतून हवा जोरानं आतबाहेर करून तो हा आवाज काढतो. जोमदार वसाहत त्याला हुसकून लावते, कधी मारूनही टाकते. पावसाळ्यात थकलेल्या, कमी माश्यांच्या पेटीत मात्र त्याची धांदल नको असते.

औषधाची गरज नाही, पेटीचं दार लहान करा. माशी सुखानं आत-बाहेर करील एवढी, सात-आठ मिलिमीटर उंचीची फट पुरे. पतंगाचं जाड अंग तीतून शिरत नाही. लाकडाची पट्टी दाराला आडवी ठोका आणि दोन्ही बाजूंनी फट सारखी आहे ना ते बघून घ्या. ज्यांची पेटी तिळाच्या शेताला लागून आहे त्यांनी हे याच आठवड्यात करावं, तीळ काढणीला यायची वाट बघू नये.