वाद्याला पॉलिश कोणते लावावे? चपडा, पीयू की जवसाचे तेल

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा हाती घेतला. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात प्रथम घेतले जाते. मानांकन मिळालेला माल दूरचे गिऱ्हाईक अधिक बारकाईने पाहते, आणि त्याची नजर पहिल्यांदा जाते ती पॉलिशवर. म्हणून कारागीर बंधूंनी या विषयाकडे केवळ चमक म्हणून पाहू नये.

सतारीचे जुने पॉलिश म्हणजे चपडा लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यापासून ती मिळते, स्पिरिटमध्ये विरघळते आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने हात फिरवत चढवली जाते. शुद्ध लाख औषधी गोळ्यांवर आणि मिठाईवरही लावतात. म्हणजे वाजवणाऱ्याला तिच्यापासून धोका नाही. थर अगदी पातळ बसतो, त्यामुळे तबलीचा नाद दबत नाही. १ लिटर स्पिरिटला १२५ ते २५० ग्रॅम चपडा पुरे. दाट करून दोन हातांत काम उरकू पाहणाऱ्याचे पॉलिश चिकट राहते. विरघळवलेला चपडा जुना झाला की नीट वाळत नाही. बाटलीवर तारीख लिहावी आणि शंका आली तर काचेवर थेंब टाकून पाहावा. तो कडक झाला नाही तर बाटली फेकून द्यावी, वाद्यावर प्रयोग करू नये.

चपड्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पाण्याचा थेंब राहिला तर पांढरा डाग पडतो, घामाने दांडीवरचा थर मऊ होतो, उन्हात ठेवलेल्या गाडीत तो पाघळतो. पावसाळी हवेत काम केले तर पॉलिश धुरकट पडते. पण त्याचा एक गुण या सर्वांवर मात करतो. ओरखडा गेला, जोड उकलला, भोपळ्याला तडा गेला, तर नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. सतार वर्षानुवर्षे चालते आणि दुरुस्तीसाठी कारागिराकडे परत येते. ही दुरुस्तीही धंद्याची कमाई आहे.

पीयूचे तसे नाही. दोन डब्यांचे मिश्रण करून फवारलेला हा थर कडक असतो, घाम-पाण्याला दाद देत नाही, काचेसारखा चमकतो. फुटला मात्र की जोड दिसतोच. बहुधा सारा भाग घासून काढावा लागतो. जाड बसला तर तबली गुदमरते. शोरूममध्ये टांगलेली सतार त्याने खुलून दिसेल, वाजवणाऱ्याच्या हाती गेल्यावर निकाल वेगळा लागतो. पूर्ण वाळलेला थर वाजवणाऱ्याला सहसा अपाय करत नाही. धोका आहे तो फवारणाऱ्याला. हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की त्याचा थोडासा वासही पुरतो. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही. मेलामाईनमधून फॉर्मल्डिहाइड सुटते. एनसी लॅकरच्या थिनरची वाफ पेट घेते. घरातल्याच खोलीत, मुले झोपतात तिथे, हे काम करणे म्हणजे स्वस्तात माल काढून दवाखान्याचे बिल भरणे होय. चपड्याच्या स्पिरिटमध्येही विषारी मिथेनॉल असू शकते. खिडकी उघडी आणि चूल विझलेली हवी.

आता तोंडाला लागणारी वाद्ये. बासरीच्या फुंकेच्या जागी रंग नकोच. शुद्ध तेल किंवा पातळ चपडा बस्स. तेल म्हणाल तर जवसाचे तेल चांगले, पण बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळते त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. फुंकेच्या जागी ते वापरू नये. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

मुलांच्या ढोलकीवर लाल-पिवळा रंग चढवणाऱ्यांनी डबा नीट वाचावा. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली अधिसूचित झाला. कारखानी वापराच्या रंगांना तो लागू नाही. स्वस्त मिळाला म्हणून असा डबा आणू नये. मूल ढोलकी वाजवते तसे ती चावतेही.

आमच्या मते सतार-तंबोऱ्याला चपडाच ठेवावा. गिऱ्हाईकाने पीयूचा आग्रह धरलाच, तर तो दांडीपुरता द्यावा, तबलीवर नको, आणि फवारणी योग्य मास्क व हवेशीर जागा असलेल्याकडूनच करून घ्यावी. कोणते पॉलिश लावले ते बिलावर लिहावे, म्हणजे दहा वर्षांनी दुरुस्त करणाऱ्याला कोडे पडत नाही. आणि माल पाठवताना, चपड्याचा थर पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात हे ध्यानात ठेवावे. ताज्या पॉलिशवर फुग्यांचे प्लॅस्टिक थेट गुंडाळले तर प्रत्येक फुग्याचा ठसा उमटतो. आधी मऊ सुती कापड, मग प्लॅस्टिक.